चिन लुंग : शानांचे कुटलेल्या मांसाचे गोळे, सोलापूरच्या स्वयंपाकघरात

चिन लुंग करायला घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, ती म्हणजे हा खिम्याचा कोफ्ता नव्हे. दिसायला तो तसाच गोल आणि तांबूस असतो. पण त्यात गरम मसाला नाही, अंडे नाही, डाळ्याचे पीठ नाही आणि तो रश्श्यात सोडायचा नाही. त्याचा गोळा बांधला जातो तो केवळ कुटण्याच्या जोरावर, आणि तो शिजतो मांसाच्या व टोमॅटोच्या अंगच्या पाण्यात, थोड्याशा तेलात, मंद आचेवर. शेंगांची चटणी उखळात कुटलेली आहे की मिक्सरमधून काढलेली आहे हे ज्या शहरात पहिल्या घासाला ओळखले जाते, त्या सोलापुरात या पदार्थाचे मर्म समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत.

हा पदार्थ शान लोकांचा; शान हे नाव त्यांना इतरांनी दिलेले आहे. ते स्वतःला ताई म्हणवतात, आणि थायलंडमध्ये त्यांना ताई याई म्हणजे थोरले ताई म्हणतात. म्यानमारच्या पूर्वेकडील शान राज्य हे त्यांचे मुख्य वसतिस्थान असून तौंजी ही त्या राज्याची राजधानी आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,55,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास निम्मे. सीमेपलीकडे थायलंडच्या वायव्य कोपऱ्यातील मे होंग सोन या जिल्ह्यातही त्यांची जुनी वस्ती आहे, आणि चिन लुंग मी प्रथम खाल्ले ते तिथल्या सकाळच्या बाजारात. उत्तर थायलंडच्या बोलीत चिन म्हणजे मांस. भारतीय वाचकाला हे लोक वाटतात तितके दूरचे नाहीत, कारण 1228 साली सुकाफा ज्या लोकांना घेऊन आसामात उतरला ते आहोम याच ताई कुळातले होते.

शानांचा मुलूख डोंगराळ पठाराचा आहे आणि समुद्र तिथून लांब आहे. खालच्या सपाट प्रदेशात बर्मी लोक मासळी आंबवून केलेल्या ङापीने जेवणाला चव आणतात, थाई लोक आंबवलेल्या कोळंबीचा गोळा वापरतात. पठारावरच्या शानांनी तेच काम सोयाबीनकडून करून घेतले. सोयाबीन शिजवून, आंबवून, कुटून, चकत्या थापून उन्हात वाळवायचे आणि त्या चकत्या वर्षभर भाजून स्वयंपाकात घालायच्या, याला थुआ नाओ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘कुजलेले दाणे’ असा आहे आणि ते लोक तो कोणताही संकोच न बाळगता वापरतात. आपल्याकडेही हीच वाटणी आहे: कोकणात सुकट आणि जवळा, तर आपल्या कोरड्या पठारावर शेंगदाणे, कारळे, जवस आणि तीळ. समुद्र जवळ नसलेल्या माणसांनी चवीसाठी रानातल्या दाण्याकडे वळावे, हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडले आहे. म्हणूनच चिन लुंगमधून थुआ नाओ वगळणे म्हणजे त्या पदार्थातून शानांचा मुलूखच वगळणे आहे, असे माझे मत आहे, आणि म्हणून मांसाआधी मी त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

थुआ नाओ घरी करण्यासाठी सोलापूरचा मार्च ते मे हा काळ फार चांगला आहे. बार्शीकडचे सोयाबीन किराणा दुकानात सहज मिळते. पाव किलो स्वच्छ, अखंड दाणे घेऊन ते बारा तास भिजत ठेवावेत आणि नंतर कुकरमध्ये भरपूर पाणी घालून इतके शिजवावेत की दाणा दोन बोटांत धरताच मऊ लोण्यासारखा चिरडला जावा. त्यासाठी मोठ्या आचेवर एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास द्यावा लागतो. अर्धवट शिजलेल्या दाण्यात आंबवण नीट धरत नाही, तेव्हा येथे घाई करू नये. पाणी पूर्ण निथळून, दाणे गरम असतानाच स्वच्छ धुतलेल्या केळीच्या किंवा पळसाच्या पानांवर पसरावेत, वरून पाने झाकावीत, सारे एका बांबूच्या टोपलीत ठेवून जाड कापडाने गुंडाळावे आणि घराच्या उबदार कोपऱ्यात ठेवून द्यावे. हवा पूर्ण बंद करू नये, कारण हे आंबवण घडवणारा बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू हवेवर वाढतो. स्टीलच्या घट्ट डब्यात हे दाणे आंबत नाहीत, नासतात. एप्रिलमध्ये दोन दिवस पुरतात. दाणे चमच्याने उचलले की चिकट तारा सुटू लागल्या आणि वासात किंचित नवसागराची झाक आली, की काम झाले असे समजावे.

मी हे प्रथम डिसेंबरात करून पाहिले होते आणि रात्रीच्या थंडीमुळे तिसऱ्या दिवशी दाण्यांवर काळसर बुरशी आली. ते सगळे टाकून द्यावे लागले. काळी, गुलाबी किंवा हिरवी बुरशी दिसली, अथवा वास सडलेल्या मांसासारखा आला, तर दाणे धुऊन वाचवण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. खात्रीचा मार्ग हवा असेल तर मणिपूरचे हवाइजार किंवा नागालँडचे अखुनी मागवून त्याचा एक चमचा कोमट दाण्यांत विरजणासारखा मिसळावा. हे दोन्ही पदार्थ थुआ नाओचे सख्खे भाऊ आहेत आणि त्यांत तोच जिवाणू असतो.

आंबलेले दाणे दीड चमचा मीठ आणि दोन-तीन सुक्या मिरच्या घालून उखळात कुटावेत, लिंबाएवढे गोळे करून ते तेल लावलेल्या दोन पानांमध्ये दाबावेत आणि पुरीएवढ्या, शक्य तितक्या पातळ चकत्या कराव्यात. त्या गच्चीवर सांडग्यांसारख्या वाळत घालाव्यात. आपल्या उन्हात दीड दिवसात त्या खडखडीत वाळतात. मग त्या हवाबंद बरणीत कित्येक महिने टिकतात. घरातल्या मंडळींना वासाची कल्पना आधी द्यावी. हा वास भाजल्यानंतर पूर्ण बदलतो आणि भाजलेली चकती कारळ्याच्या व खरपूस भाजलेल्या डाळीच्या मधोमध कुठेतरी जाऊन बसते.

ज्यांना हे सारे करणे शक्य नाही त्यांनी अखुनीचा एक चमचा थेट वापरावा. तेही नसेल तर थुआ नाओ सोडून द्यावे आणि मीठ चिमूटभर वाढवावे. त्याच्या जागी दाण्याचे कूट मात्र घालू नये, कारण त्याने पदार्थ लगेच आपल्याकडचा होतो आणि मूळ चव कळण्याची संधी जाते.

आता मांसाकडे येऊ. शान घरांत चिन लुंग बहुधा डुकराच्या किंवा गोवंशाच्या मांसाचे करतात. सोलापुरात बोकडाचे मटण घ्यावे, आणि मला स्वतःला त्याचेच चिन लुंग अधिक आवडते, कारण बोकडाच्या मांसाला जो स्वतःचा वास असतो तो गवती चहाबरोबर फार सुरेख जुळतो. अर्धा किलो मटण पुढच्या पायाचे किंवा मांडीचे, त्यात साधारण शंभर ग्रॅम चरबी राहील असे सांगून घ्यावे. खिमा यंत्रातून एकदाच, जाडसर काढून मागावा, आणि दुकानदार तयार असेल तर सुऱ्याने बारीक तोडून मागावा. खिमा घरी आणल्यावर धुऊ नये. धुतलेल्या खिम्यात पाणी राहते आणि गोळा फुटतो. धुवायचे असेल तर तुकडे आधी धुऊन, कोरडे करून, मग खिमा करावा. कोंबडीचा करायचा असल्यास मांडीचे मांस घ्यावे, छातीचे नको, ते कोरडे पडते.

अर्ध्या किलोला लागणारे वाटण असे: सहा-सात सुक्या ब्याडगी मिरच्या आणि तिखट आवडत असेल तर दोन लवंगी, दीड चमचा जाडे मीठ, गवती चहाचे तीन-चार बुंधे, दोन सेंटिमीटर कुळिंजन (आल्याच्या कुळातला एक कंद), दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, सांबारात घालतात तसले आठ-दहा छोटे कांदे, बोटाच्या पेराएवढी ओली हळद किंवा अर्धा चमचा हळदपूड, एक मध्यम पिकलेला आंबट टोमॅटो, थुआ नाओची एक चकती आणि मूठभर कोथिंबीर. तेल शेंगदाण्याचे, अर्धी वाटी. शानांच्या मुलखातही शेंगदाण्याचे तेल घरोघरी वापरतात, त्यामुळे येथे आपल्याला काहीही बदलावे लागत नाही.

यातल्या दोन जिनसांबद्दल खुलासा आवश्यक आहे. गवती चहा आपल्याकडे कुंडीत असतो, पण आपण त्याची पाती चहात टाकतो आणि बुंधा जमिनीत ठेवतो; या पदार्थाला नेमका तो पांढरट, जाड बुंधाच हवा असतो. कुंडीतला एक जुना, भरलेला ठोंब मुळाशी कापावा, वरची दोन आवरणे सोलून टाकावीत आणि खालचा चार बोटे भागच आडवा, अगदी पातळ चिरावा. उभा चिरला तर त्याचे दोरे दातात येतात. दुसरे कुळिंजन. ते ओले सोलापुरात मिळणे अवघड आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे सुके कुळिंजन रात्रभर पाण्यात भिजवून वापरता येते, पण ते निम्मेच घ्यावे, कारण त्याला औषधी कडवटपणा असतो. आले हा त्याचा पर्याय नव्हे. तरीही पर्यायच नसेल तर आले थोडे घालावे, हे मी नाइलाजाने सांगतो.

कुटण्याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बदलू नये. आधी थुआ नाओची चकती तव्यावर किंवा चिमट्यात धरून आचेवर दोन्ही बाजूंनी बदामी रंगावर भाजावी, कोरडीच कुटून पूड करावी आणि बाजूला काढावी. मग देठ व बिया काढून कोमट पाण्यात भिजवलेल्या, घट्ट पिळलेल्या मिरच्या आणि मीठ कुटावे. जाडे मीठ येथे वाळूसारखे काम करते आणि मिरचीची साल फोडते. त्यानंतर गवती चहा आणि कुळिंजन, म्हणजे सर्वांत चिवट जिनसा. त्यांचे तंतू पूर्ण मोडेपर्यंत पुढची जिनस घालू नये. मग हळद, मग लसूण, मग कांदे, कारण कांद्याला पाणी सुटते आणि पाणी सुटले की खाली उरलेला चिवट तुकडा बत्त्याखालून निसटत राहतो, तो पुन्हा कुटला जात नाही. सगळे वाटण एकजीव झाल्यावर चिरलेला टोमॅटो घालून हलक्या हाताने चेचावा आणि शेवटी थुआ नाओची पूड मिसळावी. या सगळ्याला खलबत्त्यात वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

मिक्सरबद्दल प्रश्न हमखास येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मिक्सरचे पाते कापते, बत्ता चिरडतो. कापलेल्या गवती चहाचे बारीक तुकडे तसेच राहतात आणि त्यातले सुगंधी तेल पूर्ण सुटत नाही. शिवाय पाते फिरावे म्हणून पाणी घालावे लागते, आणि पाणी हा या गोळ्याचा शत्रू आहे. शेंगांच्या चटणीत बत्त्याखाली दाण्याचे तेल सुटून चटणीचे लाडू वळता येतात, हे ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांना हा फरक हाताने ठाऊक आहे. ज्यांच्याकडे पाटा-वरवंटा आहे त्यांनी तो जरूर वापरावा, मात्र गंधासारखे गुळगुळीत वाटू नये.

वाटण खिम्यात मिसळल्यावर पुन्हा कुटायचे असते, आणि बहुतेकांकडून सुटतो तो हाच टप्पा. मोठे उखळ असेल तर थोडा थोडा खिमा त्यात घालून कुटावा. नसेल तर परातीत घेऊन कणकेसारखा तळहाताच्या टाचेने सात-आठ मिनिटे मळावा आणि उचलून उचलून परातीवर आपटावा. मिठामुळे आणि या माराने मांसातली प्रथिने मोकळी होऊन एकमेकांना धरतात. खिमा हाताला चिकटू लागला, परातीवरून एका गोळ्यात उचलला जाऊ लागला, की तो तयार झाला. बारीक चिरलेली कोथिंबीर सर्वांत शेवटी घालावी. तेलाचा हात लावून मोठ्या लिंबाएवढे गोळे वळावेत. वीस-बावीस होतात. ते झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यास अधिक घट्ट बसतात.

शिजवण्यासाठी पसरट, जाड बुडाची कढई किंवा लोखंडी तवी घ्यावी. अर्धी वाटी तेल घालून मध्यम गरम करावे, चिमूटभर हळद सोडावी आणि गोळे एकमेकांना न चिकटतील असे एकाच थरात लावावेत. तेल त्यांच्या पाव उंचीपर्यंत यावे. ते त्यात पोहता कामा नयेत. आच लगेच अगदी मंद करावी, झाकण ठेवावे आणि दहा मिनिटे त्यांना हात लावू नये. या वेळात मांसाला आणि टोमॅटोला पाणी सुटते आणि कढईत पातळसर रस दिसू लागतो. तो पाहून आच वाढवण्याचा मोह होतो. मी पहिल्या वेळी तोच केला, आणि गोळे बाहेरून काळवंडून मध्ये फुटले. रस तसाच राहू द्यावा. दहा मिनिटांनी गोळे चमच्याने अलगद उलटावेत, पुन्हा झाकावे, आणखी दहा मिनिटांनी झाकण काढून टाकावे आणि रस आटू द्यावा. आवाजावर लक्ष ठेवावे: आधी बुडबुड्यांचा जड आवाज असतो, पाणी संपत आले की तो बारीक चरचरीत होतो. त्या क्षणी कढईत उरते ते केवळ तांबूस-पिवळे, सुगंधी तेल, आणि गोळे त्यात हळूहळू खरपूस होऊ लागतात. चार-पाच मिनिटे फिरवून उतरवावे. बोकडाच्या मटणाला एकूण अर्धा तास लागतो, कोंबडीला वीस मिनिटे. एक गोळा फोडून पाहावा. आत कुठेही गुलाबी रंग राहू नये.

मे होंग सोनच्या बाजारात हे गोळे मोठ्या पसरट भांड्यांत तेलासकट मांडलेले असतात आणि लोक भातासाठी ते बांधून घरी नेतात. शानांच्या रोजच्या जेवणात मात्र मांसाचा वाटा मोठा नसतो. भात, पालेभाज्या, थुआ नाओची चटणी, आंबवलेली मोहरीची भाजी हे त्यांचे नित्याचे जेवण, आणि भरपूर मांस शिजते ते पोयच्या वेळी. पोय म्हणजे उत्सव. त्यांतला सर्वांत मोठा पोय सांग लोंग, मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभी येणारा. साधारण सात ते चौदा वर्षांच्या मुलांना राजपुत्राचा वेष घालून, फुलांचे मुकुट चढवून तीन दिवस मिरवतात, आणि त्यांचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून मोठी माणसे त्यांना खांद्यावर वाहून नेतात. त्यानंतर मुले केशवपन करून चीवर परिधान करतात आणि श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, होतात. बुद्धांचा पुत्र राहुल याच्या श्रामणेर होण्याची ही आठवण आहे. आपल्याकडच्या श्रामणेर शिबिरांत ज्यांची मुले गेली आहेत त्यांना या सोहळ्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. दीक्षेपूर्वी आईवडील मुलाला बारा प्रकारचे पदार्थ स्वतःच्या हाताने भरवतात, आणि गावाला जेवण असते.

बौद्ध सोहळ्यात मांसाहार कसा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. थेरवाद परंपरेत भिक्षूला भिक्षेत आलेले मांस चालते, मात्र तो प्राणी त्याच्यासाठी मारलेला त्याने पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा आणि तशी शंकाही त्याला नसावी, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. गृहस्थांच्या पंगतीत तर मांस उघडपणे असते. आपल्या भागात कंदुरीला सारा भाऊबंद जमतो आणि एका बोकडात शंभर माणसे बसवावी लागतात, तेव्हा घरातल्या बायकांना जो हिशेब करावा लागतो, तोच हिशेब मला चिन लुंगच्या घडणीत दिसतो. अर्ध्या किलो मांसात पाव किलोच्या आसपास कांदा, टोमॅटो, लसूण आणि पाला जातो, चव तीव्र असल्याने तीन गोळ्यांत एक माणूस पोटभर भात जेवतो, आणि सहा-सात जणांचे ताट भागते.

वाढताना साधा मऊ भात, काकडीचे जाड काप आणि काहीतरी आंबट असावे. शान लोक आंबवलेली मोहरीची पाने घेतात. आपल्याकडे मुळ्याचा पाला मीठ आणि तांदळाच्या धुवणात दोन दिवस आंबवून त्याच्या जवळपास जाता येते. लिंबाची फोड पुरेशी नाही, कारण तिचा आंबटपणा वरवरचा असतो. ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर हे गोळे चांगले लागतात का, असे विचाराल तर लागतात. फक्त भाकरी चुरून वर कढईतले तेल दोन चमचे घालावे, तरच ती गोळ्यांशी जुळते.

ते तेल कोणत्याही परिस्थितीत टाकून देऊ नये. उरलेले गोळे त्याच तेलात बुडवून काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन दिवस चांगले राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांत गवती चहा अधिक मुरलेला असतो. गरम करताना मायक्रोवेव्ह वापरू नये, झाकण ठेवून मंद आचेवर सावकाश करावे. गोळे संपल्यावर तळाशी जे तेल आणि मसाल्याचा चुरा उरतो, त्यात त्याच कढईत शिळा भात, थोडे मीठ आणि चिरलेली कांद्याची पात घालून हाताने चोळून घ्यावी आणि लगेच खावे.